कोऱ्या गोळीचा जाणता

कोरी गोळी हातात देताना हसायचं नाही, हे मगदूम बाईंनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं.

"हसलात की गेलं सगळं," त्या म्हणाल्या. "पेशंटला वाटतं, ही पोरगी माझी समजूत घालतेय. आपण समजूत घालायची नाही, औषध द्यायचं. वाटल्यास कंटाळलेला चेहरा करा, पण हसू नका."

हे ऐकून आख्खा वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. बाकी सगळी विशीतली पोरं आणि मी चाळिशीला टेकलेली, त्यामुळे त्या वर्गात मी शाळेच्या सहलीला आलेल्या पालकासारखी दिसायचे. पोरं मला काकू म्हणायची आणि माझ्या डब्यातल्या भाकरीवर तुटून पडायची. मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या औषध विभागात आमचं हे प्रशिक्षण चालायचं. ते पूर्ण झालं की औषध सहायक म्हणून खिडकीवर उभं राहता येणार होतं, आणि मला ती खिडकी फार हवी होती.

आता कुणी विचारेल, की गोळ्या यंत्र मोजतं, पट्ट्या यंत्र कापतं, डॉक्टरांचं अक्षर वाचायची वेळ कुणावर येत नाही, मग खिडकीवर माणूस कशाला? बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. यंत्र चुकलं तर ओळखायला, आणि औषध हातात द्यायला. म्हणून त्या आम्हाला अजूनही कात्रीने पट्टी कापायला लावायच्या. मुदतीची तारीख छापलेलं टोक शेवटपर्यंत आपल्याकडे राहिलं पाहिजे, नाहीतर उरलेल्या गोळ्या कधीच्या आहेत हे कुणाच्या बापाला कळणार, असं त्यांचं म्हणणं. सारख्या नावांची औषधं त्या आमच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्यायच्या. आणि देण्याची रीत तर रोज घोटून घ्यायच्या. पेशंटचं पूर्ण नाव घ्यायचं, डोळ्यांत बघायचं, गोळी तळहातावर ठेवायची आणि एक बारीकसा त्रास आधीच सांगून टाकायचा. "तोंड जरा कोरडं पडेल, पाणी जास्त प्या." त्रास सांगितला, की गोळीत काहीतरी आहे यावर माणसाचा विश्वास बसतो.

कोऱ्या गोळ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. औषध नसलेली गोळी औषध म्हणून दिली, तर पुष्कळांचं दुखणं कमी होतं, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होतं. लोक म्हणायचे, मनाचे खेळ. पण मनाचे खेळसुद्धा मेंदूतच होतात. आता बरं वाटणार अशी खात्री पटली, की मेंदू स्वतःचं अफूसारखं रसायन सोडतो. याचा पुरावाही होता. अफूचा परिणाम अडवणारं औषध आधी टोचलं, की कोऱ्या गोळीचा गुणही नाहीसा व्हायचा. म्हणजे दुखणं थांबवणारा पदार्थ खराच असतो, फक्त तो गोळीतून न येता कवटीतून येतो.

अडचण एवढीच होती, की कुणाला गुण येईल ते आधी सांगता यायचं नाही. मग प्रतिसादपट्टी आली. कपाळाला बांधायची ही पट्टी मेंदूतल्या रक्ताच्या हालचाली वाचते आणि अपेक्षेला मेंदू किती उत्तर देतो त्याची रेघ पडद्यावर काढते. त्या रेघांमधून एक गोष्ट कुणाच्याही ध्यानीमनी नसताना पुढे आली. गोळीचा रंग, चव, किंमत यांपेक्षा ती कोण देतंय याने रेघ जास्त उचलली जात होती. मायेच्या माणसाने दिलेली गोळी सगळ्यांत गुणकारी.

त्यावर कायदा झाला. ज्यांना खरं औषध सोसत नाही त्यांना कोरी गोळी द्यायला परवानगी मिळाली. पेशंटला सांगितलं तर सगळंच मुसळ केरात, म्हणून त्याच्याऐवजी घरच्या एका माणसाने ते जाणून घ्यायचं आणि संमती द्यायची. त्या माणसाला जाणता म्हणतात. जमेल तेव्हा जाणत्यानेच गोळी द्यावी. मात्र पेशंटने सरळ तोंडावर विचारलं, की ही कोरी आहे का, तर खिडकीवरच्या माणसाने खोटं बोलायचं नाही. हा कायदा सगळ्यांना माहीत आहे. विचारत मात्र कुणी नाही, कारण कोऱ्या गोळ्या दुसऱ्यांना मिळतात अशी प्रत्येकाची खात्री असते.

माझीही होती. मला खरं औषध मिळत होतं ना!

माझी अर्धशिशी म्हणजे घरातलं एक माणूसच होतं. उजव्या डोळ्यामागे ठणका सुरू झाला की खिडक्या बंद, भांड्यांचा आवाज बंद, माझ्या नवऱ्याचं, सुकुमारचं बोलणंसुद्धा बंद. जुन्या गोळ्यांनी माझ्या यकृताची वाट लावली, डोळे हळदीसारखे झाले, तेव्हा डॉक्टरांनी त्या बंद करून शिरोमेट नावाची नवी गोळी सुरू केली. निळी, छोटी, कडूजहर. त्या गोळीने मला माझं आयुष्य परत दिलं. मी उन्हात हिंडू लागले, लग्नाकार्यात बँडसमोर उभी राहू लागले. ज्या खिडकीतून ती गोळी मिळाली, त्या खिडकीच्या आत जाऊन उभं राहावं असं मला वाटू लागलं. माझ्या प्रशिक्षणाचं मूळ हे होतं. आणि ती पहिली पट्टी माझ्या हातात ठेवणाऱ्या होत्या मगदूम बाई.

त्या दिवशी किरणबंदुकीचं प्रात्यक्षिक होतं. गोळीवर प्रकाश टाकायचा, तो परत येताना बदललेला असतो, आणि त्यावरून आत कोणते रेणू आहेत ते पडद्यावर उमटतं. सराव म्हणून बाईंनी घरून कुठल्याही गोळ्या आणायला सांगितल्या होत्या. बाईंना खिडकीवर बोलावणं आलं, तशी पोरांनी धमाल सुरू केली. कुणी आजीची रक्तदाबाची गोळी ठेवली, कुणी चघळायची पेपरमिंट.

"आता माझी जीवनदात्री ठेवा," मी म्हटलं आणि शिरोमेट पुढे केली.

बंदूक आफरीनच्या हातात होती. ही वर्गातली सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत तोंडाळ मुलगी. ती मोठ्याने वाचू लागली. "लॅक्टोज. सेल्युलोज. निळा खाद्यरंग. किराइताचा अर्क…" आणि थांबली.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे काही नाही, काकू." तिने गोळी उलटी करून पुन्हा प्रकाश टाकला. तेच आलं. "तुमची ही पट्टी सदोष असेल. एखादी असते."

मी पट्टीतली दुसरी गोळी फोडली. मग पर्समधल्या नव्या पट्टीतली. दुधातली साखर, लाकडाचा भुसा, निळा रंग आणि ते कडू किराइत. इतकी वर्षं मी किराइत खाऊन नाचत होते.

मगदूम बाई परत आल्या. त्यांनी पडदा बघितला, माझ्या हातातली पट्टी बघितली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळायचं ते कळलं. त्यांनी मला मागच्या गोदामात नेलं. तिथे शीतकपाटं घुमत असतात, बाहेर ऐकू जात नाही.

"पद्मजा, माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "तू तुझीच गोळी आणशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"बाई, माझी शिरोमेट कोरी आहे का?"

"तू विचारलंस तर मला सांगावं लागेल. एकदा सांगितलं की परत घेता येत नाही. अजूनही विचार कर."

"कोरी आहे का?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या पट्टीपासून. तुझं यकृत तेव्हा कुठलंच औषध घ्यायच्या अवस्थेत नव्हतं. तुझी रेघ मी स्वतः बघितली होती. इतकी सुंदर रेघ मी आजवर दुसऱ्या कुणाची बघितली नाही."

"मग मला सांगायचं होतं."

"सांगून गुण आला असता?"

"नसता आला तर नसता! माझं डोकं होतं ना ते?"

जाणता कोण, हे मी विचारलंच नाही. रोज माझ्या तळहातावर गोळी कोण ठेवतं, हे मला ठाऊक होतं.

आम्ही जैन, आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवायची पद्धत. सुकुमार बसच्या चार्जिंग डेपोत पर्यवेक्षक आहे, पण जेवायला तो वेळेत पोचतो. जेवण झालं की उजेड असतानाच तांब्या आणि गोळी घेऊन तो माझ्यापुढे उभा राहायचा. लग्नाला इतकी वर्षं होऊन नवरा एवढं करतो म्हणून माझ्या बहिणी माझा हेवा करायच्या. मी तो मिरवायचेसुद्धा.

त्या संध्याकाळी तो तसाच आला. एका हातात तांब्या, एका हातात निळी गोळी.

"पद्मा, घे. मावळायला आलाय."

"आज तूच खा," मी म्हटलं. "गोड आहे. वरून किराइत लावलंय एवढंच."

त्याने तांब्या हळूच खाली ठेवला. काय बोलतेस, कसली गोळी, असं काहीच तो म्हणाला नाही. निदान थोडं तरी खोटं बोलायला हवं होतं त्याने, असं मला वाटलं. म्हणजे मला आणखी चिडता आलं असतं.

"कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"मी शिकतेय ना, सुकुमार. औषध ओळखायलाच शिकतेय."

"तुझे डोळे पिवळे पडलेले आठवतंय? डॉक्टर म्हणाले, अजून एक महिना त्या गोळ्या खाल्ल्या तर बाई हाताला लागणार नाही. मी काय करायला हवं होतं?"

"सांगायला हवं होतं."

"आणि तू अंधाऱ्या खोलीत पडून राहिली असतीस. पद्मा, तू हसायला लागलीस गं. घरात गाणी लावायला लागलीस. ते मी मोडायचं?"

मग मला अनंत चतुर्दशी आठवली. त्या दिवशीचा निर्जळी उपास आमच्या घरात सगळ्या बायका करतात. मी लग्नाआधीपासून करत होते. शिरोमेट सुरू झाल्यापासून दर वर्षी सुकुमार मला तो मोडायला लावायचा. औषध चुकवायचं नाही म्हणून हट्ट धरायचा, त्याच्या आईशी भांडायचा. एका वर्षी मी ऐकेना तर त्याने सगळ्यांदेखत माझ्या तोंडात गोळी घातली आणि पाणी पाजलं. सासूबाई उठून देवघरात गेल्या. माझ्यासाठी हा माणूस आईशीसुद्धा भांडतो, म्हणून मी त्या दिवशी रडले होते, आणि ते रडणं सुखाचं होतं.

"उपास का मोडायला लावायचास?" मी विचारलं. "साखरेच्या गोळीसाठी? एक दिवस नसती खाल्ली तर काय बिघडलं असतं?"

"एक दिवस चुकली असती आणि तरीही तुझं डोकं दुखलं नसतं, तर तुला शंका आली असती."

अर्धशिशीपेक्षा ते वाक्य जास्त लागलं. लबाडी उघडी पडू नये म्हणून माझं व्रत मोडलं होतं, तेही इतक्या प्रेमाने, की मी त्याचे आभार मानले होते. त्याचं प्रेम खरं होतं की तीही देण्याची रीतच होती, हे आता मला कुठली बंदूक सांगणार होती?

डोकं दुसऱ्याच दिवशी दुखायला लागलं. आधी बारीक, मग पहिल्यासारखं. वर्गातले दिवे डोळ्यांत घुसू लागले. पट्टी कापताना मुदतीची तारीख नेमकी मधून कापली जायची. प्रशिक्षणाची शेवटची परीक्षा खिडकीवर द्यायची असते, खऱ्या पेशंटला खरं औषध देऊन. तिथे डोळे मिटून उभं राहिलं तर नापास, आणि नापास झाले तर या वयात मला पुन्हा कोण घेणार होतं? घर गेल्यासारखं झालंच होतं, आता खिडकीही जाणार, असं मला दिसू लागलं.

परीक्षेच्या दिवशी एका बाजूला मगदूम बाई वही घेऊन उभ्या होत्या. माझ्या वाट्याला कवठेमहांकाळकडचे एक आजोबा आले, गणपती खोत नावाचे. गुडघेदुखीची गोळी. पडद्यावर मला खूण दिसली: कोरी. त्यांच्या मागे सून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. म्हणजे जाणती तीच.

"पोरी, ही चांगली हाय न्हवं गोळी?" आजोबांनी विचारलं. "आमच्या सूनबाईनं लई खटपट करून डॉक्टर गाठलाय. गुण यील का?"

ही कोरी आहे का, असं त्यांनी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी सुटले असते. माझं डोकं फुटत होतं. मी त्यांचं पूर्ण नाव घेतलं, डोळ्यांत बघितलं, गोळी तळहातावर ठेवली.

"तोंड जरा कोरडं पडेल, आजोबा. पाणी जास्त प्या. आणि शक्यतो सूनबाईंच्या हातून घ्या."

"तिच्याच हातनं घेतो की. तिच्यावाचून हाय कोण मला!" ते खूश होऊन म्हणाले.

मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. आफरीनने पेढे वाटले. मी पेढा हातात घेऊन प्रसाधनगृहात गेले आणि ओकले. अर्धशिशीत ओकारी होतेच, पण ही तिची नव्हती.

बाईंनीच पुढाकार घेऊन मला डॉक्टरांकडे नेलं. माझं यकृत आता भरून आलं होतं, आणि या मधल्या काळात एक नवं औषध निघालं होतं, यकृताला न शिवणारं. आधी चाचणी झाली. मी खुर्चीत बसले, कपाळाला प्रतिसादपट्टी बांधली, समोरच्या यंत्राच्या खाचेतून पांढरी गोळी बाहेर आली. देणारं कुणी नव्हतं. मी ती घेतली. थोड्या वेळाने डोळ्यामागची सुरी कुणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. मला हुंदका फुटला.

"खरं औषध आहे," बाई म्हणाल्या. "या वेळी मी कुणालाही जाणता केलेलं नाही."

"माहीत आहे. मी आधीच प्रकाश टाकून बघितला."

त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. "एक सांगून ठेवते, पद्मजा. अपेक्षा दोन्हीकडे चालते. मेंदू विश्वासाने जसं औषध करतो, तसा अविश्वासाने खऱ्या औषधाचा गुणही मारतो. प्रयोगांत हे दिसलंय. जोराचं वेदनाशामक शिरेतून चालू असतानाही, ते बंद केलंय असं सांगितलं की दुखणं परत येतं. तेव्हा ही गोळी कुठे आणि कुणाकडून घेतेस, ते बघ."

मी मान डोलावली. मला वाटलं, एवढी मी काही हळवी नाही.

त्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ठणका सुरू झाला. मधल्या दिवसांत सुकुमार आणि मी घरात पाहुण्यांसारखे वावरत होतो, जपून, एकमेकांना वाट देत. तो दारात येऊन उभा राहिला. त्याचे हात रिकामे होते.

"मी देऊ?" त्याने विचारलं. "एकदाच. तू तपासून घे, पाहिजे तर."

त्याचा आवाज इतका पडलेला होता, की नाही म्हणवलं नाही. मी पट्टी उजेडात धरली. नाव बघितलं, कारखान्याचा क्रमांक बघितला, मुदत बघितली. आठवडाभरासाठी बाईंकडून मागून आणलेल्या किरणबंदुकीने त्याच्यासमोर गोळीवर प्रकाश टाकला. औषध खरं होतं, मात्रा बरोबर होती. मी पट्टी त्याच्याकडे दिली. त्याने गोळी फोडून माझ्या तळहातावर ठेवली, तांब्या पुढे केला. मी गिळली.

मग आम्ही पलंगावर शेजारी शेजारी बसून राहिलो. मी मनातल्या मनात मेंदूला विनवत होते. अरे, हे खरं आहे, मी स्वतः बघितलंय, या माणसाने या वेळी काही लपवलेलं नाही. माझं सगळं शिक्षण माझ्या बाजूने साक्ष देत होतं. यंत्राच्या खाचेतून आलेल्या याच गोळीने जेवढ्या वेळात सुटका केली होती, तेवढा वेळ उलटून गेला. ठणका तसूभर हलला नाही. उलट सुकुमारचा हात माझ्या हाताला लागला, तशी उजव्या डोळ्यामागची कळ आणखी वर चढली.

मी त्याच्याकडे बघितलं. तो परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखा बसला होता. कानशिलाचे केस पांढरे झाले होते. कधी झाले, माझं लक्षच नव्हतं. पिवळ्या डोळ्यांच्या बायकोला वाचवायला हा माणूस एकटाच एवढं ओझं घेऊन हिंडला, हे मला त्या क्षणी पटलं. आणि मी त्याला माफ करू शकत नाही, हेही त्याच क्षणी पटलं.

"बरं वाटलं?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "उतरलं बघ."

"खरंच?"

"खरंच. तुझ्या हाताला गुण आहे."

त्याने दोन्ही हातांनी चेहरा पुसला. खांदे सैल झाले. चहा टाकतो म्हणत तो स्वयंपाकघरात गेला, आणि पातेल्यांच्या आवाजात मला त्याची शीळ ऐकू आली. कित्येक दिवसांत त्याने शीळ घातली नव्हती. प्रत्येक सूर माझ्या डोळ्यामागे रुतत होता. मी उशीत तोंड खुपसून पडून राहिले. बाहेर तो शीळ घालत होता. त्याला गुण आला होता.